डावं इंजिन

कळव्याच्या नाक्यावर माणसाचा चेहरा फलकावर चढायला एरवी दोनच कारणं पुरतात, वाढदिवस नाहीतर तेरावं. कॅप्टन साईनाथ नाखव्याचं यातलं काहीच नव्हतं. तरी तो दहा फूट उंच, पांढरा शर्ट, खांद्यावर चार पट्ट्या, असा हसत उभा होता. पायाशी सोनेरी अक्षरं होती, 'एकसष्ट प्रवाशांना मृत्यूच्या दाढेतून परत आणणाऱ्या कळव्याच्या सुपुत्राचा भव्य नागरी सत्कार, आज सायंकाळी सात वाजता.' कडेने मंडळाच्या पोरांचे बारके बारके चेहरे, सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. आणि त्याच फलकाखाली, सिग्नलला, खरा साईनाथ गाडीत बसला होता. काचा वर, मान खाली. कुणी ओळखू नये एवढीच त्याची त्या घटकेची इच्छा होती.

दुपारचे अडीच वाजले होते. सकाळी चौकशी अधिकाऱ्यांचा फोन येऊन गेला होता. "कॅप्टन, तुमच्या जबाबात काही भर घालायची असेल तर आज सहाच्या आत अंधेरीच्या ऑफिसात या. अहवाल मी आज बंद करतोय. सोमवारी तो वर गेला की माझ्या हातात काही नाही." साईनाथ बरं म्हणाला. मग खोलीचं दार लावून त्याने दोन पानं लिहिली, खाली सही केली, घडी घालून खिशात ठेवली आणि बायकोला 'अंधेरीला ऑफिसात जाऊन येतो' असं सांगून निघाला. त्या दोन पानांत खरं लिहिलं होतं. ती सहाच्या आत अंधेरीला पोचली तर त्याची को-पायलट सान्वी केणी पुन्हा विमान उडवणार होती, नाही पोचली तर नाही. इतकं ते सरळ होतं.

सिग्नल सुटला. अंधेरीला जायचं म्हणजे पुलावरून ठाण्याकडे. साईनाथने गाडी मुंब्र्याच्या रस्त्याला घातली.

मुंब्र्यावरून पुढे डोंबिवली, आणि डोंबिवलीला दामाजी केणी, सान्वीचा बाप. आधी दामाजीच्या कानावर घालू, त्याचा हक्क पहिला, मग तसंच पुढे अंधेरी, अशी साईनाथने स्वतःची समजूत घातली. डोंबिवलीवरून कुणी अंधेरीला जातं का हो? पण माणूस स्वतःची कशी कशी समजूत घालतो, त्याला काही सुमार नाही.

साईनाथ आणि दामाजी दोघे कळव्याच्या कोळीवाड्यातले, एका ओटीवर वाढलेले. खाडीत कारखान्यांचं पाणी आलं, मासळी गेली, तसा दामाजी डोंबिवलीच्या एमआयडीसीत बॉयलरवर लागला आणि तिथलाच झाला. साईनाथ शिष्यवृत्त्या मिळवत शिकला आणि उडायला लागला. दामाजीच्या पोरीने आठव्या वर्षी जाहीर केलं, मी साईनाथकाकासारखी होणार. पोरं म्हणतात तसं बरंच काही, पण ही झाली! कुठला फॉर्म भरायचा, काय वाचायचं, मुलाखतीला हात कुठे ठेवायचे, सगळं साईनाथने शिकवलं. पहिल्यांदा ती त्याच्या शेजारी को-पायलट, म्हणजे फर्स्ट ऑफिसर, म्हणून बसली तेव्हा त्याने एकच बजावलं. "कॉकपिटमध्ये काका नाही. सर." ती म्हणाली, "हो काका." आणि जीभ चावली.

साईनाथ नुसता कॅप्टन नव्हता, कंपनीचा परीक्षकही होता. वैमानिकांना दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या विमानात, परीक्षा द्यावी लागते. परीक्षक मागे बसून बटण दाबतो आणि एक इंजिन बंद पाडतो. कुठलं, ते त्याच्या मर्जीवर. साईनाथ बारा वर्षं डावंच पाडत आला होता. का म्हणाल तर काही कारण नाही. पहिल्या दिवशी डावं पाडलं, मग तीच सवय लागली. शेकडो पोरांना त्याने हात धरून दाखवलं, हा लीव्हर, असा पकडायचा, असा मागे. दरवेळी डावा. पोरं काय, पोरंच ती. कँटीनमध्ये म्हणायची, "नाखवा सरांचा चेक आहे ना? मग डावं धरून बस, पास." हे साईनाथच्या कानावर आलं होतं. तेव्हा तो हसला होता.

अकरा दिवसांपूर्वीची गोष्ट. जळगावहून मुंबईला येणारं दोन पंख्यांचं, सत्तर आसनांचं विमान, आत एकसष्ट प्रवासी, दोन हवाईसेविका आणि पुढे हे दोघं. दुपारचे साडेचार. कल्याण मागे पडलं, खाली डोंबिवलीच्या इमारतींची दाटी सरकत होती. सान्वी एरवी तिथून जाताना एक नजर खाली टाकायचीच, घर दिसतंय का बघायला. त्या दिवशी ती चेकलिस्ट वाचत होती. चाकं खाली आली, वेग कमी केला, समोर पारसिकचा डोंगर, पलीकडे खाडी, खाडीपलीकडे धावपट्टी. सात मिनिटांचं काम उरलेलं.

पारसिक ओलांडला आणि घंटा वाजली, लाल दिवा लागला.

उतरताना इंजिनं मुळातच हळू चाललेली असतात. त्यामुळे एक गेलं तरी विमान एकदम फिरत नाही, जरासं कलतं, आणि कुठलं गेलं हे अंगाला कळत नाही. काटे बघावे लागतात. सान्वीने काटे बघितले.

"नंबर टू, सर. उजवं गेलं."

साईनाथने काटे बघितले नाहीत. त्याचा हात केव्हाच डाव्या लीव्हरवर जाऊन बसला होता.

"वन," तो म्हणाला.

"सर, टू..."

"वन! डावं. कन्फर्म?"

आता इथे एक नियम आहे, आणि तो साधा नाही. बंद पडलेल्या इंजिनाचा लीव्हर एकट्याने ओढायचाच नाही. एकाने हात ठेवायचा आणि विचारायचं, दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि कन्फर्म म्हणायचं. मगच ओढायचा. एकजण चुकला तर दुसरा सावरेल म्हणून हा नियम केला. पण त्या दोघांतला एक जण दुसरीचा काका असेल, त्याने तिला बोट धरून इथवर आणलेलं असेल आणि तो परीक्षकाच्या आवाजात विचारत असेल, तर काय करायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. सान्वीने पुन्हा काट्यांकडे पाहिलं. मग काकाकडे पाहिलं. तिला वाटलं, आपल्यालाच नीट दिसत नसेल.

"कन्फर्म," ती म्हणाली.

साईनाथने डावा लीव्हर मागे ओढला, चालू इंजिनाचा जोर गेला आणि विमान शांत झालं. एकसष्ट माणसांना वाटलं असेल, आलं बरं का मुंबई. वेग भराभर उतरायला लागला. खाली खाडीकाठची तिवरं आणि ओहोटीचा काळा चिखल दिसायला लागला, इतका जवळ की चिखलात रुतलेली होडी दिसावी. हातातला कंट्रोल थरथरू लागला. पडण्याआधी विमान असं हलवून सांगतं. साईनाथला ते कळलंच नाही. त्याच्या डोक्यात बारा वर्षं पढवलेलीच ओळ चालू होती, हा मागे, मग पुढचा लीव्हर, मग इंधन बंद. त्याचा हात पुढच्या, इंजिन पुरतं बंद करणाऱ्या लीव्हरवर गेला. तो ओढला असता तर उरलेलं चांगलं इंजिनही गेलं असतं आणि मग बोलायला काही राहिलं नसतं.

सान्वीने त्याचं मनगट पकडलं. असं पकडलं की पुढचे दोन दिवस ते दुखत होतं.

"नाही काका! डावं चालूय! उजवं गेलंय, सोडा!"

आणि तिनेच डावा लीव्हर पुढे ढकलला. इंजिन गरजलं. हा सगळा प्रकार मोजून नऊ सेकंदांचा.

पुढचं मात्र साईनाथने चोख केलं, तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. डोकं ठिकाणावर आलं तसा तो पुन्हा पूर्वीचा कॅप्टन झाला. उजव्या इंजिनाचं इंधन तोडलं, त्या पंख्याची पाती वारा धरणार नाहीत अशी वळवली आणि विमान उजवीकडे ओढ घ्यायला लागलं तसं डाव्या पायाने पेडल दाबून धरलं, मांडी लटलटायला लागेपर्यंत. खाडी ओलांडली, झोपड्यांची पत्र्याची छपरं ओलांडली आणि धावपट्टीवर चाकं टेकली. मागे टाळ्या वाजल्या. चौथ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी व्हिडिओ काढला आणि तो संध्याकाळपर्यंत सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. त्यात साईनाथ दारात उभा राहून एकेकाला नमस्कार करतोय आणि एक बाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून रडतेय. सान्वी त्यात नाही. ती आत खुर्चीतच होती, पट्टा न सोडता.

प्रवासी उतरल्यावर तिने विचारलं, "सर, टेपचा ब्रेकर ओढू?"

कॉकपिटमधलं सगळं बोलणं टेप होतं, पण फक्त शेवटचे दोन तास. त्यापुढे वीज चालू राहिली तर जुनं पुसलं जातं. म्हणून काही घडलं की उतरल्या उतरल्या एक छोटा ब्रेकर ओढून टेप बंद करायची, हा रिवाज. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही तो पाठ असतो.

"मी बघतो," साईनाथ म्हणाला. "तू खाली जा, पाणी पी."

ती गेली. साईनाथ त्या ब्रेकरसमोर उभा राहिला. मग कोट उचलून खाली उतरला. इंजिनिअर लोकांनी बाहेरून वीज लावली आणि तीन तास तपासणी केली, तेवढ्यात सगळं बोलणं पुसलं गेलं. चौकशीत त्याने सांगितलं, गडबडीत विसरलो. विसरला म्हणे! अठ्ठावीस वर्षांत जो माणूस साधी पेनाची टोपी लावायला विसरला नाही, तो हे विसरला. पण कुणालाच ते खोटं वाटलं नाही. एवढं मोठं संकट निभावून नेलेला माणूस, विसरणारच की.

दुसऱ्या दिवशी दोघांना वेगवेगळं बोलावलं. आधी साईनाथला. विमानाच्या दुसऱ्या यंत्रात इंजिनांची नोंद राहते, ती पुसलेली नव्हती. अधिकाऱ्यांनी कागद पुढे केला. डावा लीव्हर नऊ सेकंद मागे, मग पुन्हा पुढे. "यंत्राला हात कळत नाही, कॅप्टन. लीव्हर कुणी ओढला?"

साईनाथ घरून ठरवून आला होता, खरं ते सांगायचं. देवाची शपथ, ठरवून आला होता. पण खुर्चीत बसल्यावर त्याला अठ्ठावीस वर्षं दिसली, कोळीवाड्यातून निघालेला पहिला पायलट दिसला, परीक्षकाची खुर्ची दिसली आणि तीत बसून ज्यांना नापास केलं ती सगळी पोरं हसताना दिसली. आणि तोंडातून निघालं, "फर्स्ट ऑफिसरने घाबरून ओढला. मी लगेच दुरुस्त केलं. नवीन आहे ती, सर. तिला फार बोलू नका." शेवटचं वाक्यही वर त्यानेच जोडलं. त्या वाक्याची लाज त्याला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटत होती.

मग सान्वी आत गेली. दाराच्या काचेतून साईनाथला दिसलं. अधिकाऱ्यांनी त्याचा जबाब तिला वाचून दाखवला. तिने मान वर करून काचेकडे, त्याच्याकडे, पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग वाकून 'मान्य' म्हणून खाली सही केली.

त्याच दिवशी तिला उड्डाणातून काढलं. साईनाथला कंपनीचं कौतुकाचं पत्र आलं.

मुंब्र्याचा घाट उतरून, शीळफाट्याची गर्दी पार करून साईनाथ डोंबिवलीला पोचला तेव्हा सव्वातीन झाले होते. दामाजीचं घर तिसऱ्या मजल्यावर. दारासमोर तो थबकला. सान्वी नोकरीला लागली तेव्हा दामाजीने मुद्दाम ठाण्याला टेंभी नाक्यावर जाऊन पितळेची पाटी करून आणली होती, 'फर्स्ट ऑफिसर सान्वी दामाजी केणी', आणि रोज सकाळी कामाला जाताना रुमालाने पुसायचा. पाटी तिथे नव्हती. लाकडात स्क्रूची चार भोकं होती.

दार दामाजीनेच उघडलं. साईनाथला बघून त्याचा चेहरा आधी फुलला आणि मग कसनुसा झाला. "आरं ये, ये," म्हणत तो एकदम खाली वाकला आणि त्याने साईनाथचे पाय धरले. पन्नास वर्षांचा दोस्त, दोन महिन्यांनी मोठा!

"दाम्या, काय करतोस! ऊठ!"

"धरू दे मना. तू होतास म्हनून, साईनाथ. नायतर एकसष्ट घरांचा तलतलाट लागला असता माज्या पोरीला. मी फोन करनार होतो, पन तोंडच नाय रे मना."

"दाम्या, बस. ऐक माझं."

"मीच चढवून ठेवली तिला. पोरगी पायलट, पोरगी पायलट, गावभर सांगत फिरलो. तिची लायकी बघितली नाय."

"तिने काही केलं नाही!" साईनाथ ओरडलाच. मग खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. कुठलं इंजिन गेलं, तिने काय सांगितलं, आपण काय ऐकलं नाही, मनगट कुणी पकडलं, टेप का पुसली गेली, काचेतून काय दिसलं. एकदाही न थांबता. सांगताना त्याचा आवाज फुटला, नाक वाहायला लागलं. अकरा दिवसांत पहिल्यांदा छाती हलकी झाल्यासारखं वाटलं.

दामाजी ऐकत होता. संपल्यावर त्याने मान हलवली आणि, काय सांगावं, हसला. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू.

"तू पयल्यापासून असाच," तो म्हणाला. "माज्या हातून आजाचं मासलीचं जालं खडकावर फाटलं, आनि मार कोनी खाल्ला? तू. 'मी फाडलं' म्हनून उभा राहिलास. आज पन तेच करतोस? आरं, पोर चुकली, मी मान्य केलंय. तू कशाला तुजं नाव घालवतोस?"

"दाम्या, आईशप्पथ खरं सांगतोय."

"बस झालं आता." दामाजीने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "तुज्या हातून असं व्हतच नाय. मना सांगू नको."

आतल्या दारात सान्वी उभी होती. घरातला जुना ड्रेस, केस बांधलेले. अकरा दिवसांत ती फार वाळली होती. दामाजीने तिला पाहिलं. "बघ, काका काय बोलतो. बोलतो लीवर मीच ओढला. सांग तूच. खरं हाय काय?"

साईनाथ तिच्याकडे बघत राहिला. बोल गं, असं मनात म्हणत राहिला. तू हो म्हण, तुझं तरी तो ऐकेल.

"नाही बाबा," सान्वी म्हणाली. "काका मला वाचवायला बघतायत. चूक माझीच होती."

"बघितलंस?" दामाजी म्हणाला आणि डोळे पुसत आत गेला.

सान्वीने चपला घातल्या. "चला काका, खालपर्यंत येते."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. साईनाथने खिशातून ती दोन पानं काढून तिच्यापुढे धरली. ती तिने शांतपणे, शेवटपर्यंत वाचली.

"बरोबर लिहिलंय. पत्ता चुकला."

"मी अंधेरीलाच चाललो होतो गं. म्हटलं आधी दामाजीला..."

"का? तिथे गेलात तर लायसन जाईल. इथे काय जाणार होतं? इथे रडायचं, बाबा माफ करणार, तुम्ही हलके होणार, आणि सात वाजता स्टेजवर. फुकटात मोकळं व्हायला आलात काका तुम्ही."

साईनाथला तोंडात मारल्यासारखं झालं. "मग तू आत खोटं का बोललीस? मी सांगत होतो ना त्याला!"

"अंधेरीला सांगितलं असतंत, तर माझं काम मला परत मिळालं असतं. मग बाबांना काय वाटायचं ते वाटू दे, मी सांभाळलं असतं त्यांना. आत्ता माझ्याकडे आहेच काय?" तिचा आवाज चढला नाही. "मुलगी नालायक निघाली, ते त्यांनी कसंबसं गिळलंय. तुम्हीपण निघालात हे नाही गिळता येणार. त्यांच्याकडे तुम्ही एकटेच आहात. आता तेवढे तरी राहू देत."

खालून भाजीवाल्याची हाक आली. सान्वी कठड्याला टेकून उभी होती.

"मी पण कन्फर्म म्हणाले होते, ते विसरले नाहीये. रोज रात्री तेच ऐकू येतं. पण मी नंतर बोलले ना, काका. हात पकडला तुमचा. नसते बोलले तर सगळेच मेलो असतो. बोलले तर मी एकटी मेले."

"मी जातो," साईनाथ म्हणाला. "आत्ता जातो अंधेरीला. देवाशप्पथ."

"पावणेचार झालेत," ती म्हणाली. "वेळ आहे."

वरून पावलं वाजली. दामाजी उतरत होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस ओले करून बसवलेले, हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि शाल. "थांब रं साईनाथ, मी पन येतो! तुजा सत्कार आनि मी घरी बसू? लाज वाटायची ती वाटू दे, पन शाल तुज्या खांद्यावर मीच घालनार." आणि तो साईनाथच्या आधी गाडीपाशी जाऊन उभाही राहिला.

साईनाथने सान्वीकडे पाहिलं. तिने पानांची घडी घालून त्याच्या हातात दिली आणि ती वर निघून गेली.

गाडीत दामाजी बसला होता, म्हणून अंधेरीला जाता आलं नाही, असं साईनाथ पुढे आयुष्यभर स्वतःला सांगणार होता. पण दामाजीला घेऊनही जाता आलं असतं. त्याला वाटेत उतरवताही आलं असतं. रिक्षा काय डोंबिवलीत मिळत नाहीत? शीळफाट्याला गाड्या खोळंबल्या होत्या. दामाजी कळव्याच्या जुन्या गोष्टी सांगत होता, कोण गेलं, कुणाची होडी विकली, आणि मध्येच गप्प होऊन म्हणत होता, "पोर काय जेवत नाय रे." साईनाथ हूं हूं करत होता. गाडीतल्या घड्याळात पाच वाजले, साडेपाच वाजले. कळव्याच्या अलीकडे सहाला दोन मिनिटं कमी होती तेव्हा त्याने फोन काढला. अधिकाऱ्यांचं नाव समोर होतं. फोन करून 'थांबा, मी येतोय' एवढं म्हणायलाही पुरेसा वेळ होता.

"कोनाचा फोन?" दामाजीने विचारलं.

"कुणाचा नाही," साईनाथ म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

मैदानावर मांडव होता, खुर्च्या भरल्या होत्या. मंडळाचा अध्यक्ष शिवराम धावत आला, साईनाथच्या गळ्यात पडला. ढोल वाजले. कोळीवाड्यातल्या बायकांनी ओवाळलं. शिवरामने माइकवर सांगितलं की कॅप्टन साहेबांच्या बालमित्राच्या हस्ते शाल घालण्यात येईल, आणि दामाजी वर चढला. त्याने शाल घातली, नारळ दिला आणि मग, कुणी न सांगता, माइक हातात घेतला.

"मना बोलता येत नाय," तो म्हणाला. "त्या विमानात माजी पोर होती. चूक तिची होती. हा मानूस आज माज्या घरी येऊन बोलला, चूक माजी म्हनून. तिच्यासाठी खोटं बोलायला तयार झाला. असा मानूस मी बघितला नाय." त्याने माइक शिवरामच्या हातात दिला. मांडवात अशा टाळ्या उठल्या की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं उभी राहिली.

शिवरामने डोळे पुसत माइक साईनाथपुढे धरला. "दोन शब्द, साहेब."

साईनाथ उभा राहिला. समोर सगळा कळवा होता. शेजारी दामाजी हात जोडून, मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"मी," साईनाथ म्हणाला आणि थांबला. त्याने खांद्यावरची शाल सारखी केली.

"मी फक्त माझं कर्तव्य केलं."